आत्याचा गुडघा आणि अण्णांचे निळे दाणे

ओल हा माणसाचा शत्रू आहे, हे आम्हाला अण्णा कंपनीत लागल्यावर कळलं. तोपर्यंत आम्ही ओलीवरच जगत होतो. नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा होता, कडेने थोडे गुलाब, आणि फुलांच्या धंद्यात पाण्याला कधी सुट्टी नसते. खुडलेली फुलं ओल्या गोणपाटाखाली, ओवलेले हार ओल्या फडक्यात, आणि येता-जाता जो कोणी पाट्यांजवळून जाईल त्याने तांब्यात हात बुडवून एक शिपका मारायचाच. पाहुणे आले तरी चपला काढता काढता शिपका मारत. आमच्या घराला भिजलेल्या गोणपाटाचा आणि झेंडूच्या देठांचा असा काही उग्र वास होता, की शाळेत माझ्या दप्तरावरून मुली मला ओळखत. आज मी सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते, फुलं बुधवारी पिशवीतून येतात, आणि पिशवी उघडली की पहिल्यांदा मी नाक आत घालते. सून म्हणते, आई, फुलं देवाला वाहायचीत.

अण्णा म्हणजे माझे वडील. घराण्यात मळा सोडून नोकरी धरणारे ते पहिले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले आणि मळा आई आणि आत्यावर सोडून दिला. म्हणजे मळा आधीही त्या दोघीच बघत होत्या, फक्त आता अण्णांकडे सबळ कारण होतं. त्यांचं काम असं, की गोळ्यांच्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत आल्या की प्रत्येकीत एक पांढरी चिमुकली पुडी टाकायची. पण विचारलं तर ते कधी ‘पुड्या टाकतो’ असं म्हणाले नाहीत. म्हणायचे, “मी मॉइश्चर कंट्रोलला आहे.” गल्लीत कोणाला काही कळलं नाही, त्यामुळे मान वाढला.

त्या पुडीत सिलिका जेल असायचं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे इथे थोडं थांबून सांगायची खोड जात नाही. नाव जेल असलं तरी त्यात जेलीसारखं काही नाही. वाळूच्याच घराण्यातला टणक दाणा, साबुदाण्यासारखा, पण अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. हवेतली वाफ त्या छिद्रांत जाऊन बसते आणि दाणा मात्र वरून ठणठणीत कोरडा दिसतो. म्हणून गोळ्यांच्या बाटलीत तो लागतो; नाहीतर पावसाळ्यात गोळ्या मऊ पडतात, औषधाचा कस जातो. बाटलीतला दाणा पांढरा. पण अण्णांच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये वजनकाट्याच्या काचेच्या पेटीत आणि इकडेतिकडे बरण्यांत जो ठेवत, तो निळा असे. त्यात कोबाल्टचा एक क्षार मिसळलेला असतो. दाण्याने पोटभर पाणी घेतलं की निळा रंग जाऊन गुलाबी येतो. गुलाबी झाले की कंपनी ते दाणे फेकून द्यायची. आणि अण्णांना फेकलेली वस्तू बघवत नसे.

ते दाणे डब्याच्या पिशवीतून घरी येऊ लागले. अण्णा ते कढईत परतायचे. वाफ उडाली की दाणे पुन्हा निळे होत, मधूनच एखादा तडतडून चुलीपलीकडे उडे, आणि अण्णा आमच्याकडे अशा नजरेने बघत, की जणू निळा रंग त्यांनीच शोधलाय. आईचा आक्षेप विज्ञानाला नव्हता, कढईला होता. “उपासाची भगर भाजते मी तिच्यात. तुमच्या कंपनीचं काय ते त्या फुटक्या तव्यावर भाजा.” तेव्हापासून आमच्या घरात विज्ञानासाठी वेगळा तवा होता. त्या कोबाल्टचं तोंडही बघू नये असं आता सांगतात. ती भगर आम्ही वर्षभर खाल्ली होती, तेव्हा आईचा सोवळेपणा जरा आधी जागा झाला असता तर बरं, असं मला अधूनमधून वाटतं.

मग फडक्याच्या पुरचुंड्या झाल्या. मिठात पुरचुंडी, पापडांच्या डब्यात पुरचुंडी, कुरडयांत, काडेपेटीजवळ, रेडिओच्या मागे. काही ठिकाणी उपयोग होई, हे कबूल केलं पाहिजे. आमचं मीठ त्या वर्षी श्रावणातही सळसळत पडायचं आणि पापड असा मोडायचा की शेजारी कळावं. पण अण्णांचा हात तिथे थांबला नाही. त्यांनी एक पुरचुंडी आईच्या गुलाबांच्या पाटीत टाकली आणि वर झाकण घट्ट लावलं. आईने पाटी उघडली तेव्हा कडेची फुलं कागदासारखी वाजत होती. “मॉइश्चर गेलं,” अण्णा म्हणाले. “गिऱ्हाईकही गेलं,” आई म्हणाली, आणि दोन दिवस त्यांच्या भाकरीबरोबर नुसता ठेचा वाढला.

या सगळ्यात आत्या कुठे होती, तर आपल्या जागेवर. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. घरात सगळे तिला अक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली ती एका अटीवर, आणि ती अट तिने स्वतःलाच घातली होती, की काम केल्याशिवाय जेवायचं नाही. सकाळी गुडघे टेकून झेंडू निंदायची, खुडायची. दुपारी पडवीत एक मांडी घालून, दुसरा पाय लांब करून, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून हार ओवायची. सुई फुलातून जाताना बारीक ‘चुक’ असा आवाज येई आणि तो आवाज दिवसभर घरात असे. तिचा हार चार हात दुरून ओळखू यायचा. एक फूल उलटं नाही, एक देठ वर नाही. खंडेनवमीला अंबडच्या कितीतरी कंपन्यांत यंत्रांची पूजा होते. अण्णांच्या कंपनीतल्या यंत्रांना हार आत्याचे जात. ती कंपनी तिने कधी पाहिली नव्हती, पण तिथल्या प्रत्येक यंत्राचा घेर तिला तोंडपाठ होता.

त्या भाद्रपदात तिचा उजवा गुडघा सुजला. आधी लिंबाएवढा, मग चांगला कवठाएवढा. मांडी घालता येईना, टेकता येईना. “गुडघ्यात पाणी झालं,” असं निदान गिरजाकाकूने बांधावरूनच केलं. गिरजाकाकू आमची शेजारीण. तिचं आणि आत्याचं बांधावरच्या शेवग्यावरून पिढीजात भांडण होतं, पण दुखण्याच्या बाबतीत ती पक्षपात करत नसे. पाणी हा शब्द निघाला मात्र, अण्णांनी ताटावरून मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्याआधी फक्त त्यांना कंपनीचं ओळखपत्र मिळालं तेव्हा पाहिलं होतं.

“अक्का, पाणी ना? मग डॉक्टर कशाला? पाणी ओढायचंच तर काम आहे माझं.”

त्यांनी मूठभर निळे दाणे पातळ फडक्यात बांधले, पुरचुंडी गुडघ्यावर ठेवली आणि वरून हारांचा दोरा करकचून गुंडाळला. आश्विनाच्या तोंडावरची ती दमट हवा, त्यात आत्याच्या अंगाचा घाम. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडलं तर दाणे गुलाबी. सगळं घर वाकून बघत होतं. अण्णांनी ते दाणे तळहातावर घेऊन पडवीभर फिरवले. “बघा. डोळ्यांनी बघा. हे अक्काच्या गुडघ्यातलं पाणी.” आत्याने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. “पण गुडघा तर तेवढाच हाय रे दामू,” ती म्हणाली. अण्णा म्हणाले, “आत किती साठलंय ते तुला काय ठाऊक?”

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं आणि आठवड्यात आमची पडवी म्हणजे दवाखाना झाला. गुडघा, घोटा, कंबर. एका गृहस्थाने सर्दीसाठी नाकाखाली पुरचुंडी बांधून नेली. अण्णा कंपनीच्या बसमधून उतरले की रांग लागलेली असे, आणि ते हातपाय धुऊन, खिशाला पेन लावून बसत. पेनाचं त्यांना काही काम नव्हतं. सकाळी सगळे आपापल्या पुरचुंड्या घेऊन यायचे, गुलाबी दाणे दाखवायचे, कोणाचे जास्त गुलाबी यावर चढाओढ चालायची, आणि अण्णा सगळे एकत्र तव्यावर ओतून भाजायचे. इथे पहिली अडचण आली. आत्याच्या लक्षात आलं, की काल जे दाणे दुसऱ्याच्या अंगावर होते तेच आज आपल्या गुडघ्यावर येताहेत.

“मला गिरजेचं पाणी लागलेले दाणे नको,” ती म्हणाली.

“अगं अक्का, तव्यावर उडून गेलं ते.”

“उडून गेलं कुठं? घरातच ना? शेवगा गिळला तिनं, आता गुडघ्यात पण शिरंल.”

गिरजाकाकूला हे कळल्यावर तिनेही सांगून पाठवलं, की आम्हालाही काही त्यांचं पाणी नको, आमचं आम्हाला पुरे आहे. शेवटी अण्णांनी पुरचुंड्यांना रंगीत दोरे बांधले, ज्याचा दोरा त्याचे दाणे, आणि फुटक्या तव्यावर माणशी वेगळा घाणा निघू लागला. आमच्या गल्लीत पाणवठा कधीच एक झाला होता, पण गुडघ्यांचं पाणी मात्र शेवटपर्यंत वेगळं राहिलं.

मी तेव्हा दहावीत होते. विज्ञानाच्या बाईंनी नुकतंच सांगितलं होतं, की औषध दिलेलं रोप आणि न दिलेलं रोप शेजारी ठेवून बघावं, मगच बोलावं. आणि मला बोलायचं होतं, कारण आत्याचं दुखणं वाढत चाललं होतं. गुडघा लाल झाला होता, हात लावला तर तव्यासारखा लागायचा, आणि ती दुपारची पांघरूण घेऊन पडायची. सुईचा आवाज बंद झाला होता. त्याहून वाईट म्हणजे ती जेवण टाळायला लागली. एकदा तिच्या खाटेखाली मी गाठोडं बघितलं. दोन लुगडी, पितळी डबी, सुयांचा पुडा.

“कुठं चालली आत्या?”

“दिंडोरीला. लेकीकडं.” तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “दसरा तोंडावर आला शोभे. घरात फुलांचे ढीग पडतील, अन् मी आपली आडवी पडून भाकरी मोडू? तुझी आई चांगली हाय, काय बोलायची नाय. म्हणून तर जायचं.”

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जड जातं असं मानणारी ही बाई जावयाच्या दारात कायमची जायला निघाली होती. मला रडू आलं. पण रडून अण्णांचे दाणे हरले नसते, म्हणून मी दुसरी पुरचुंडी केली, तितकेच दाणे, तसंच फडकं, आणि ती आत्याच्या खाटेच्या पायाला तिच्याच गुडघ्यासारखी दोऱ्याने करकचून बांधली. सकाळी सगळ्यांसमोर दोन्ही सोडल्या. दोन्ही गुलाबी.

“अण्णा, खाटेच्या पायाला पण पाणी झालंय का?” मी विचारलं.

आई पदर तोंडाला लावून वळली. अण्णांनी वाकून खाटेचा पाय चाचपून बघितला. मला वाटलं, मी जिंकले. मग ते शांतपणे म्हणाले, “खाट कोणाची? अक्काची. रात्रभर त्या खाटेवर कोण होतं? अक्का. म्हणजे तिचं पाणी खाटेच्या पायापर्यंत उतरलं. मी म्हणत होतो ना, आत खूप आहे!” आणि जमलेल्या रांगेत पसंतीची कुजबुज झाली. गिरजाकाकू तर म्हणाली, उद्यापासून आमच्या खाटेला पण बांधा.

पुढे कॉलेजात मी पुष्कळ प्रयोग केले. काचेच्या नळीत हेच सिलिका जेल, पांढरं, भरून वरून झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क सोडला, की त्यातले पिवळे-केशरी रंग एकमेकांपासून सुटून आपापल्या वेगाने खाली उतरतात. औषधं निवडून शुद्ध करायलाही हीच रीत वापरतात. त्या नळीने मला कधी फसवलं नाही. माणसांच्या बाबतीत मात्र खाटेच्या पायाचा प्रयोग अजून फसतोच. परवाच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुडघ्यातलं पाणी शोषणाऱ्या काळ्या पट्ट्याची जाहिरात आली, आणि मॅडम केमिस्ट्रीच्या आहेत म्हणून माझं मत विचारलं. मी लिहिलं, आधी तो खुर्चीच्या पायाला बांधून बघा. दोन दिवसांनी चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं उत्तर आलं, “बांधला. खुर्चीची कुरकुर थांबली. अजून चार मागवलेत.”

तर त्या सकाळी रांग खूश होती, अण्णा नवीन फडकी फाडत होते, आणि आत्या भिंतीला धरून उभी राहिली. तिच्या अंगात चांगलाच ताप होता. तिने गुडघ्यावरचा दोरा स्वतः ओढून काढला.

“दामू, खाटेला गुण येतो ना? मग खाटेला बांध. मला दवाखान्यात ने.”

अण्णा म्हणाले, “अक्का, दोन दिवस थांब, आता कुठे पाणी...”

“तू मला तिथं नेतो का मी रांगेतल्या माणसाला सांगू?”

घरात थोरल्या बहिणीपुढे विज्ञान चालत नाही. बाजारातून परतणाऱ्या फुलांच्या टेम्पोत रिकाम्या पाट्या रचून तिला पाय लांब करून बसवलं. शेजारी अण्णा, मी समोर. द्वारका चौकात नेहमीसारखी वाहतूक तुंबली. चहूकडून हॉर्न, आणि आत्या डोळे मिटून, दात आवळून बसलेली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की अण्णांनी तिच्या घोट्याजवळची पाटी दोन्ही हातांनी आवळून धरलीय. त्यांना भीती वाटत होती. इतके दिवस वाटतच असणार. डॉक्टर म्हटलं की काय ऐकावं लागेल याची भीती, आणि तिच्यावर तोडगा म्हणून तवा. अण्णांवर मी लिहीत बसले की हसूच येतं, पण त्या टेम्पोत हसू आलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा बघितला आणि आधी दोऱ्याच्या खोल वळावर बोट ठेवलं. “हे काय?”

अण्णा हळूच म्हणाले, “मॉइश्चर...”

“काय?”

“काही नाही, साहेब.”

डॉक्टरांनी सुई घातली. सिरिंजमध्ये आलं ते दाट, पिवळट होतं. “हे सांध्यातलं पाणी नाहीच. सांध्याच्या पुढे एक पिशवी असते, त्यात पू झालाय. गुडघे टेकून काम करता ना? काटा लागला होता का?”

“फुलांत काटा रोजच लागतो,” आत्या म्हणाली.

“आणखी थोडे दिवस काढले असते तर सांध्यात उतरला असता. मग पाय वाचवणं अवघड होतं, आजी.” असं म्हणून त्यांनी सगळा पू काढला, इंजेक्शनं लिहिली आणि गोळ्यांची बाटली दिली. आत्याने झाकण उघडलं. वर कापूस होता आणि कापसाखाली पांढरी चिमुकली पुडी. अण्णांनी ती बघितली आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा मान वर केली.

“अक्का, ही आमच्याकडची. आमच्याच हॉलमधली बाटली आहे ही. ही पुडी कदाचित मीच...”

आत्याने पुडी परत बाटलीत टाकली, झाकण घट्ट लावलं. “तू गोळ्या कोरड्या ठेव दामू,” ती म्हणाली. “चांगलं काम हाय ते. गुडघ्याचं ज्याचं त्याला करू दे.”

गल्लीचा निकाल वेगळा लागला. पुरचुंडीने पाणी वर आणून ठेवलं म्हणून तर डॉक्टरला एका सुईत सापडलं, असं गिरजाकाकूने जाहीर केलं आणि ते सगळ्यांना पटलं. पण अण्णांनी तवा अडगळीत टाकला, आणि रांगेला सांगितलं, की कंपनीने दाणे बंद केले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आईने पडवीत बाक मांडला. आत्या त्यावर दोन्ही पाय लांब करून बसली, दोऱ्याचं टोक अंगठ्याला अडकवलं, आणि घरात पुन्हा ‘चुक, चुक’ सुरू झालं. त्या आवाजाने आई तांदूळ निवडता निवडता मधेच थांबली होती. गाठोडं मीच सोडून लुगडी दांडीवर टाकली. आत्याने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. सुयांचा पुडा मात्र गाठोड्यात नव्हता, तो ओवायला बसण्याआधीच तिने स्वतः काढून घेतला होता.

सकाळी अण्णा हार घेऊन निघाले. कंपनीच्या त्या हॉलमध्ये थेंबभर ओल नेलेली चालत नसे. चपला बाहेर, डबे बाहेर, ओला रुमालसुद्धा बाहेर. पण खंडेनवमी कुठल्या नियमात बसते? आत्याने हारांवर शेवटचे शिपके मारून ते ओल्या फडक्यात गुंडाळून दिले होते, आणि मॉइश्चर कंट्रोलचा माणूस ते ठिबकतं बोचकं छातीशी धरून बसमध्ये चढला.

संध्याकाळी अण्णा आले ते सरळ पडवीत आत्याच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. हातात दाण्यांची पिशवी नव्हती.

“अक्का, यंत्राला हार घातला, वजनकाट्याच्या पेटीला घातला. दुपारपर्यंत हॉलमधल्या सगळ्या बरण्या गुलाबी! साहेब म्हणाले, दामोदर, एवढं ओलं काय आणलंस?”

आत्याने हातातलं फूल ओवलं, दोरा ओढला आणि मग हसली.

“आज ओढलं बघ तुझ्या दाण्यांनी माझं पाणी,” ती म्हणाली.